आधी वळू तपासा

"आधी वळू तपासा लिंबाजी, मंग गायीला नावं ठेवा," हे म्हणाले, आणि उजवा हात खांद्यापर्यंत गायीत घालून तसेच उभे राहिले.

आठची जिंतूर गाडी फाट्यावर यायला दहा मिनिटं उरली होती. मी लिंबाजीच्या गोठ्याबाहेर शेणापासून धुवट पातळ सांभाळत, हातात पिशवी धरून उभी होते. आम्हाला परभणीला दवाखान्यात जायचं होतं. या एका दिवसासाठी मी ह्यांच्या मागे चार महिने लागले होते. काल गळ्यातल्या लिंगाला हात लावून ह्यांनी कबूल केलं होतं की उद्या नक्की येतो. आणि सकाळी घरातून निघालो तर वाटेत लिंबाजी आडवा आला, गाय माजावर आलीय म्हणाला. गाय म्हटली की ह्यांना बायको, गाडी, परभणी काही म्हणता काही दिसत नाही.

आमचे हे चारठाण्याच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. कागदावर एवढं लांब नाव, गावात नुसतं 'डॉक्टर'. काम गायी-म्हशी भरवायचं. वाफा निघणाऱ्या कंटेनरमधून वळूच्या बीजाची बारीक कांडी काढायची, थर्मासातल्या कोमट पाण्यात धरायची, लांब नळीत बसवायची आणि गायीला द्यायची. तीन आठवड्यांनी गाय परत माजावर आली तर ती 'उलटली', नाही आली तर गाभण. ह्यांचं अक्षर ह्यांनाच लागत नसे, म्हणून महिन्याचा अहवाल मी लिहायची. सातवी पास झालेल्या मला निम्म्या तालुक्यातल्या गायींची कुंडली पाठ होती.

लिंबाजीची गाय गावच्या वळूकडून तीनदा उलटली होती. ती वांझ आहे, सोमवारी बाजारात नेऊन विकतो, असं तो म्हणत होता. त्यावर ह्यांचं व्याख्यान सुरू झालं. गायीची पिशवी चांगली आहे, माज वेळेवर आहे, दोष असेल तर वळूत. वळू शंभर ठिकाणी हिंडतो म्हणून त्याला कोणी विचारत नाही, आणि गाय दावणीला बांधलेली सापडते म्हणून सगळे तिच्यावर. हा अन्याय आहे लिंबाजी, हे शास्त्र नव्हे. लिंबाजी मान डोलवत होता. मला हसू येईना आणि रडूही येईना.

अकरा वर्षं झाली होती आमच्या लग्नाला. अकरा वर्षांत हे वाक्य माझ्यासाठी कोणी बोललं नव्हतं, आणि लिंबाजीच्या गायीला ते भल्या सकाळी फुकटात मिळालं.

मी काय काय केलं ते सांगत बसले तर पुराण होईल. जिंतूरच्या नर्सबाईंची इंजेक्शनं झाली, हिंगोलीच्या वैद्याचा कडू काढा झाला. नांदेडला पोटात औषध सोडून फोटो काढला, तेव्हा टेबलावरच चक्कर आली. दोन वेळा पिशवी धुतली. गावातल्या महादेवाला सोळा सोमवार झाले, ते संपले तेव्हा सासूबाईंनी आणखी सोळा सांगितले. प्रत्येक ठिकाणी माझं नाव, माझं वय, माझी पाळी. ह्यांचं काय? ह्यांना काय झालंय, असं सगळ्यांचं म्हणणं. चांगले धडधाकट आहेत, सायकलवर वीस कोस हिंडतात.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. मल्लम्मा त्यांचं नाव. दुष्ट होत्या असं म्हणवत नाही. मला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त मी वाढलेलं जेवताना एखादा सुस्कारा सोडायच्या आणि कोणाच्या घरी बारसं असलं की मला म्हणायच्या, तू नको येऊ, तुलाच वाईट वाटेल. गेल्या दिवाळीपासून त्यांनी सोनपेठच्या एका पोरीचं नाव काढलं होतं. आपल्यातलीच आहे, गरिबाची आहे, दुसरेपणावर द्यायला तयार आहेत. पाडव्यापर्यंत वाट बघते, असं त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. पाडवा आता आठ दिवसांवर आला होता. आणि आमच्या ह्यांनी त्यावर हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं. विषय निघाला की टायरची हवा बघायला उठायचे.

गाडी आम्हाला धावत जाऊन पकडावी लागली. हात धुतला होता, पण घाईत. माझ्या शेजारी बसून हे म्हणाले, "गाय राहील बग ही." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

चार महिन्यांपूर्वी मी परभणीच्या या डॉक्टरीणबाईंकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, नवऱ्याची तपासणी केली का? मी नाही म्हटलं. त्यांनी माझे सगळे फोटो, चिठ्ठ्या गोळा करून माझ्याच हातात दिल्या आणि म्हणाल्या, ती आधी करा, मग बाकीचं बघू. घरी येऊन सांगितलं तर ह्यांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मी यायची काय गरज, बाटली पाठवतो.

आणि ती कशी पाठवली ते ऐका. ह्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला, कांड्या यायच्या आधी, वळूचं बीज जिल्ह्याहून बर्फाच्या थर्मासात एसटीनं यायचं. ह्यांना तीच रीत पक्की. जिंतूरहून बर्फ आणला, थर्मासात भरला. बाटलीला चिकटपट्टी लावून वर तारीख, वेळ आणि स्वतःचं नाव लिहिलं. मग नाव खोडून 'नं. १' केलं. वळूच्या बीजात अंड्याचा बलक मिसळतात, म्हणून ते थंडीत टिकतं. आम्हा लिंगायतांच्या घरात अंडं चालत नाही, नाहीतर ह्यांनी तोही घालायला कमी केलं नसतं. तो थर्मास मांडीवर घेऊन मी अडीच तास एसटीत बसले. शेजारची बाई दोनदा म्हणाली, चहा असला तर घोटभर द्या की.

डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं आणि आधी बर्फाकडे, मग माझ्याकडे बघितलं. काचेवर थेंब घेऊन बघितला आणि म्हणाल्या, यात काही हलत नाही, पण बर्फात घातल्यावर काय हलणार? माणसाचं बीज असं थंडीत आणायचं नसतं. त्यांनाच घेऊन या. घरी येऊन हे सांगितलं तर ह्यांना वाईट वाटायचं सोडून बरंच वाटलं. दोष बर्फाचा निघाला ना! पुढं चार महिने मी विषय काढला की 'ते बर्फामुळं झालं' एवढंच उत्तर मिळायचं.

जिंतूरला गाडी अर्धा तास अडली. विद्यापीठाच्या नामांतरासाठी तहसीलवर मोर्चा निघाला होता. ह्यांनी लगेच विचारलं, परत जायचं का, उशीर व्हायलाय. मी म्हटलं, खाली उतरलात तर मी एकटी पुढे जाईन आणि परत यायचीच नाही. ते बसून राहिले. पंधरा वर्षं झाली ही माणसं एका नावासाठी मोर्चे काढतायत, आणि मला ह्यांना एका बाटलीपर्यंत न्यायला चार महिने लागले म्हणून मी कुरकुरतेय, असं मनात आलं. पण कुरकूर काही थांबली नाही.

दवाखान्यात बाकावर सगळ्या बायका. मधे आमचे हे, हातात टोपी, नजर पायाच्या अंगठ्यावर. नर्सनं मोठ्यानं नाव पुकारून हातात बाटली दिली आणि मोरीचं दार दाखवलं, तेव्हा सगळ्या बायकांनी एकदम दुसरीकडे बघितलं. बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा कानशिलं लाल झाली होती. माझ्या शेजारी न बसता भिंतीला टेकून उभे राहिले. मला पहिल्यांदा ह्यांची कीव आली. पण लगेच नांदेडचं ते टेबल आठवलं आणि कीव थोडी आवरून घेतली.

तासाभरानं आत बोलावलं. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, बीज अजिबात नाही. कमी नाही, दुबळं नाही, नाहीच.

हे म्हणाले, "बाई, मी बघू का? मला येतं बघता."

बाईंनी क्षणभर विचार केला आणि खुर्ची सोडली. हे सूक्ष्मदर्शकापुढे बसले. स्क्रू फिरवला, आरसा नीट केला. वळूचं बीज भिंगाखाली कसं दिसतं ते ह्यांनी मला पुष्कळदा सांगितलं होतं. बाजाराच्या दिवशी वेशीत गर्दी उसळते तसं, म्हणायचे. काच इकडून तिकडे सरकवत हे बघत राहिले. मी मागून ह्यांची पाठ बघत होते. सदऱ्याच्या बाहीवर सकाळचं शेण वाळलं होतं. हे म्हणाले, "दुसरी काच लावा." बाईंनी दुसरी लावून दिली. ती सगळी बघून झाली, तरी डोळा भिंगावरून हलेना. मला वाटलं, उठून खांद्यावर हात ठेवावा. पण परक्या बाईसमोर कसा ठेवणार?

"एक बी न्हाई," शेवटी हे म्हणाले. मग हळूच विचारलं, "मागच्या बारीला बर्फामुळं..."

"बर्फात मेलेली तरी दिसली असती," बाई म्हणाल्या. "त्या दिवशीही काही नव्हतं. एका बाटलीवरून बोलायला नको, म्हणून मी तुम्हाला बोलावलं."

इलाज काय, असं ह्यांनी विचारलं. बाईंनी पोट, सांधे, लहानपणचे आजार असं पुष्कळ विचारून घेतलं. सोळाव्या वर्षी ह्यांना गालफुगी झाली होती आणि खालीही सूज आली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यातच बीज गेलं असावं, असा बाईंचा अंदाज होता. बाई म्हणाल्या, परदेशात आता एकच बीज सुईनं थेट बाईच्या अंड्यात सोडतात, तेवढ्यावर गर्भ राहतो असं वाचलंय. इकडे ते कधी येईल सांगता येत नाही. पण त्यालाही निदान एक जिवंत बीज लागतं.

"एक तरी लागतं," हे म्हणाले.

मग बाईंनी दुसरा रस्ता सांगितला. औरंगाबादला त्यांच्या ओळखीचे डॉक्टर होते. दुसऱ्या निरोगी पुरुषाचं बीज घेऊन नळीनं बायकोच्या पिशवीत सोडायचं. पाळीच्या बाराव्या दिवशी जायचं, अर्ध्या तासाचं काम, दुखत नाही. नवऱ्याची लेखी संमती मात्र लागते. माझा तो सहावा दिवस होता. पुढच्या मंगळवारी बारावा येत होता.

नळीनं म्हटल्यावर ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. हे काम ह्यांच्याहून जास्त कोणाला कळणार होतं?

"कोनाचं आसतं ते?" ह्यांनी विचारलं.

ते कोणालाच सांगत नाहीत, बाई म्हणाल्या. रक्तगट आणि रंग जुळवतात, बस. हे म्हणाले, आमच्याकडे प्रत्येक कांडीवर वळूचा नंबर असतो, त्याच्या आईचं दूध किती ते सुद्धा लिहिलेलं असतं. बाई म्हणाल्या, इथे नसतं. मग ह्यांनी चाचरत विचारलं की निदान लिंगायत तरी मिळंल का. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज गावरान गायीला परदेशी वळूची कांडी देणारा हा माणूस, त्याला आज जात आठवली.

"सही करा," मी म्हणाले. "न्हाईतर सोनपेठची पोरगी आना घरात. तिलाबी अकरा वरीस औषिधं पाजा, तिचीबी पिशवी धुवा. मंग तिसरी बगू."

हे बराच वेळ पेन धरून बसले. मग सही केली. सरकारी कागदावर करतात तशी, खाली तारीख आणि हुद्द्यासकट.

बाईंनी संमतीचा कागद आणि औरंगाबादच्या डॉक्टरांना चिठ्ठी माझ्याकडे दिली, तपासणीचा कागद ह्यांच्याकडे. त्यावर इंग्रजीच्या खाली त्यांनी मराठीतही लिहिलं होतं, 'पुरुषबीज आढळले नाही.' निघताना त्यांनी दार लोटून घेतलं आणि आम्हा दोघांना उभं करून सांगितलं, "एक लक्षात ठेवा. मूल झालं की ते तुमचंच. पण ह्यांच्यात बीज नाही हे तुम्हा दोघांशिवाय तिसऱ्याला कळता कामा नये. घरातही नाही. कळलं तर लोक हिला विचारतील मूल कुठून आणलंस, आणि त्या लेकराला जगू देणार नाहीत."

आम्ही दोघांनी माना हलवल्या.

परतीच्या गाडीत खिडकीशी हे बसले. बोरी गेली, तरी बाहेरच बघत होते. मला भीती वाटायला लागली की घरी जाऊन हे चिठ्ठी फाडून टाकतील. जिंतूर जवळ आलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पिशवी धुतली तवा लय दुखलं का गं?"

ते होऊन सात वर्षं झाली होती. माणसाला बायकोचं दुखणं विचारायला सात वर्षं आणि एक सूक्ष्मदर्शक लागतो! कडक काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, आणि डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "दुखलं." हे म्हणाले, "हं." मग म्हणाले, मंगळवारी रजा टाकतो, औरंगाबादला मुक्काम करावा लागला तर धर्मशाळा बघू. आणि जनावराला गाभण काळात काय खायला घालतात ते सांगायला लागले. मी पदरानं डोळे पुसत ऐकत राहिले. लग्नानंतर एवढं सुख मला क्वचित झालं असेल. पोटात अजून काही नव्हतं, पण मी पिशवी मांडीवर घेऊन जपून बसले होते.

चारठाण्याला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आमच्या दारात अनोळखी वहाणा दिसल्या. ओसरीत बाजेवर सोनपेठचे नागप्पा बसले होते, त्या पोरीचे चुलते. सोनपेठला त्यांचं कापडाचं दुकान होतं. समोर नारळ, खडीसाखर, नवं पातळ. आत्याबाईंनी त्यांना आधीच पत्र टाकून आज बोलावून घेतलं होतं, आम्हाला पत्ता नव्हता. पाडव्याची वाट कशाला बघायची, आज सुपारी फोडू, असा त्यांचा बेत.

नागप्पा भला माणूस होता. मला बघून जरा ओशाळला. म्हणाला, "बाई, तुमाला कोन्ही घराबाहीर काढायचं न्हाई. थोरल्या भैनीवानी ऱ्हावा. पोरगी गरीब हाय, तुमचं ऐकूनच वागंल." त्या पोरीचं वय अठरा. मी आत जायला निघाले. म्हटलं, आता हे नेहमीसारखे टायरची हवा बघायला उठतील, आपण चहा टाकू, मग बघू कसं टाळायचं ते. टाळायला सोपं होतं. सरकारी नोकरानं दुसरं लग्न केलं तर नोकरी जाते, एवढं एक वाक्य बोललं असतं तरी नागप्पानं नारळ पिशवीत घातला असता.

पण हे टोपी हातात घेऊन बाजेपुढे उभे राहिले.

"मामा, हितं पोरगी देऊ नगा," हे म्हणाले. "भागम्मात दोष न्हाई. दोष माझ्यात हाय."

खोटं कशाला बोलू, ते ऐकलं तेव्हा माझ्या अंगावरून गार वारं गेलं. अकरा वर्षं मी या एका वाक्यासाठी तरसले होते. चुलीपुढे, मोरीत, देवळात, कुठे कुठे मी ते मनातल्या मनात ह्यांच्या तोंडून ऐकलं होतं. आणि ते इतकं साधं निघालं, गायीबद्दल बोलतात त्याच आवाजात. पुढच्या क्षणाला मला डॉक्टरीणबाईंचं लोटलेलं दार आठवलं.

"आवं, ऱ्हाऊ द्या," मी घाईनं पुढे झाले. "आता कशाला ते."

"ऱ्हाऊ कामून द्यायचं?" हे माझ्याकडे वळले. डोळे भरून आले होते. "अकरा वरीस तूच ऐकलंस. आज मी माझ्या डोळ्यानं बगितलंय. आनखी एका पोरीला फसवायचं पाप मी करनार न्हाई."

मी डोळ्यांनी खुणावलं, मानेनं खुणावलं, ह्यांच्या सदऱ्याची बाही ओढली. ह्यांना वाटलं मी ह्यांची अब्रू झाकायला बघतेय. त्यामुळे हे आणखीच पेटले. आत्याबाई आतून ओरडल्या, या रांडेनं काहीतरी शिकवून आणलंय माझ्या लेकाला, खोटं हाय हे. तेव्हा ह्यांनी खिशातून तपासणीचा कागद काढला आणि नागप्पाच्या हातात दिला.

नागप्पानं चष्मा लावला आणि दुकानातलं पत्र वाचावं तसं मोठ्यानं वाचलं, पुरुषबीज आढळले नाही. पुन्हा एकदा वाचलं, या वेळी आत्याबाईंना नीट ऐकू जावं म्हणून सावकाश. शेजारची दगडाबाई कुंपणाशी तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. त्यानं कागदाची घडी करून तो ह्यांना परत दिला आणि उभा राहून ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"इमानाचा मानूस हायेस, विरूपाक्षा," तो म्हणाला. "दुसऱ्यानं पोरगी नासवली आसती." मग माझ्याकडे वळून हात जोडले. "बाई, तुमच्यावर लय आळ घेतला आमी. आता काळजी करू नका. सोनपेठपस्तोर समद्यायला मी सवता सांगीन, बाईत काय बी दोष न्हाई म्हून."

मी त्यांना काय सांगणार? नका सांगू म्हटलं असतं तर का, म्हणून विचारलं असतं. मीही हात जोडले. नारळ, खडीसाखर, पातळ पिशवीत गेलं आणि नागप्पा पाचच्या गाडीला निघून गेला. दगडाबाई तांदळाचं सूप तिथंच ठेवून लगबगीनं पलीकडच्या घरी गेली.

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, "सोळाव्या वर्साला ते गाल सुजले हुते त्येचे, खालीबी सूज हुती. मी शेक देत बसले. दवाखान्यात न्यायला पायजे हुतं." त्यांनी तो सगळा हिशेब स्वतःच्या डोक्यावर घेतला, आणि त्या माझ्यापुढे एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. मला त्यांचाही राग करता येईना. मग उठल्या आणि चुलीकडे गेल्या.

हे मागच्या अंगणात हातपाय धुवायला गेले. मी पाणी घालायला गेले. अंगावरचं ओझं उतरल्यासारखा ह्यांचा चेहरा मोकळा झाला होता. मला तर असा संताप आला होता की तांब्या डोक्यात घालावा. अकरा वर्षं तोंड शिवून बसलेला माणूस, आणि सगळ्या आयुष्यात ज्या एका दिवशी गप्प बसायचं होतं त्या दिवशी ह्यांना वाचा फुटली. पण हा संताप कोणाला सांगू? खरं बोलला म्हणून नवऱ्यावर चिडलेली बाई कोणी बघितली आहे का? आणि माझ्यासाठी बोलला, तो तरी.

ह्यांनी तोंड पुसलं आणि बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत मोजायला लागले. "आज सहावा म्हनलीस. गुरुवारी सात, शुक्रवारी आठ. म्हंजी सोमवारीच निघावं. सकाळी वेळेवर पोचलं पायजे, हे काम वेळेचं हाय."

"जायचं न्हाई आता," मी म्हणाले.

"कामून?"

"गेले आन् राह्यलं, तर लोक कोनाचं म्हनतील?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. बीजाची, वेळेची, पिशवीची सगळी माहिती असलेल्या माणसाला ही एवढी गोष्ट कळायला थोडा वेळ लागला. कुंपणापलीकडून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, मधेच आमचं नाव येत होतं. अंगठा करंगळीच्या पेरावर होता, तो तिथून त्यांनी काढलाच नाही.

तेवढ्यात घरातून आत्याबाईंनी हाक मारली, "भागम्मा, ये माय, दोन घास खाऊन घे. सकाळपासून उपाशी हायेस."

त्यांनी माझं पान स्वतः वाढलं होतं, ह्यांच्या पानाच्या शेजारी. अकरा वर्षांत त्यांनी मला कधी माय म्हटलं नव्हतं. मी तांब्यात उरलेलं पाणी हातावर घेतलं, पदर सारखा केला आणि आत जाऊन बसले.